गाडीचं गाळणं



दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय चालू होता, गाडीचा. आमची सध्याची गाडी 2013 ची, लहान, पेट्रोलवरची. बाळापूरच्या गल्लीबोळांतून ती बिचारी इतकी वर्षं निमूट फिरली. आता तिचा एसी चालत नाही. उन्हाळ्यात अकोल्याला जायचं म्हटलं की सासूबाई म्हणतात, "तुम्ही जा, मी घरीच बरी." तेव्हा गाडी बदलायची, हे सगळ्यांना मान्य होतं. कोणती घ्यायची यावरून मात्र घरात दोन पक्ष पडले. एका बाजूला हे, आमचा मुलगा आणि पुण्याचे भाऊजी. दुसऱ्या बाजूला मी एकटी.

झालं असं की नागपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे यांना एक गाडी दिसली. जर्मन कंपनीची, डिझेलवरची, उंच, काळीभोर. 2020 च्या शेवटी घेतलेली, बीएस-6, अठ्ठावन्न हजार किलोमीटर चाललेली. नवी असताना ती पहिल्या मालकाला पंचावन्न लाखांच्या आसपास पडली होती. व्यापारी मागत होता सव्वीस. आणि यांनी मला न विचारता एकवीस हजार रुपये टोकन देऊनही टाकलं होतं.

कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गाडीत खोट नव्हती. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ती आवडली होती. आम्ही बघायला गेलो तेव्हा मी पुढे बसले. दार लावलं तसा बाहेरचा सगळा गलका बंद झाला. मंदिरातल्या गाभाऱ्यासारखी शांतता. आणि त्या शांततेत माझ्या मनात पहिला विचार कोणता आला माहीत आहे? माघात अमरावतीला बहिणीच्या मुलीचं लग्न आहे, तिथे या गाडीतून उतरायचं. घरी येईपर्यंत मी साडीचा रंगसुद्धा ठरवला होता. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते शहाणपण सांगायला नाही. मोहात मीही पडले होते.

घरी आल्यावर मी वही काढली. तुमच्यातल्या बहुतेकींच्या घरी अशी वही असतेच. दूध, किराणा, दान, औषधं आणि गाडी, सगळ्यांची पानं वेगळी. गाडीच्या पानावरून कळलं की आमची गाडी वर्षाला साधारण नऊ हजार किलोमीटर फिरते. त्यातला मोठा भाग घर, दुकान, मंदिर आणि बाजार. एका वेळी दोन-तीन किलोमीटर. आठवड्यातून एकदा अकोला, जाताना पंचवीसेक किलोमीटर, येताना तितकंच. वर्षातून दोन-तीनदा शिरपूर, एकदा कारंजा, एकदा मुक्तागिरी, एकदा पुणे. संपलं.

हे म्हणाले, "डिझेल स्वस्त आहे, गाडी पैसे वाचवेल." म्हणून तोही हिशोब मांडला. पेट्रोल 104 रुपये आणि डिझेल 91 धरलं. लिटरला बारा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी वर्षाला 750 लिटर पिईल, म्हणजे 78 हजार रुपये. पंधरा किलोमीटर देणारी डिझेल गाडी 600 लिटर, म्हणजे साडेचोपन्न हजारांच्या वर थोडं. वाचले तेवीस हजार. आता दुसरी बाजू. या गाडीच्या विम्याचा आकडा आला 62 हजार. सर्व्हिसिंग वर्षाला सरासरी साठ हजार धरा, असं व्यापाऱ्यानेच सांगितलं. चार टायर नव्वद हजारांचे, चार वर्षांत बदलायचे. म्हणजे वर्षाला जवळपास एक लाख पंचेचाळीस हजार. साध्या गाडीला हेच सगळं छत्तीस-चाळीस हजारांत बसतं. तेवीस हजार वाचवायला लाखभर जास्त खर्च. आणि आमच्यासाठी कंपनीचं वर्कशॉप नागपूरला, पावणेतीनशे किलोमीटरवर.

इथे माझ्या लक्षात आलं की जुनी झाली म्हणून गाडीची किंमत निम्मी होते, पण तिच्या सुट्या भागांची होत नाही. पंचावन्न लाखांच्या गाडीचा आरसा फुटला तर तो पंचावन्न लाखांच्या गाडीचाच आरसा असतो. आपण सव्वीस लाखांना घेतली हे त्या आरशाला ठाऊक नसतं.

पण फक्त पैशांचा प्रश्न असता तर मी हा लेख लिहिलाच नसता. ज्याला परवडतं तो घेईल. गोष्ट अडली ती दुसरीकडेच.

अकोल्याचे एक ओळखीचे मेकॅनिक आहेत. त्यांना मी फोन लावला आणि विचारलं, "भाऊ, ही गाडी आम्ही रोज मंदिरात आणि दुकानात नेली तर चालेल ना?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "वहिनी, मंदिरात नेण्यासाठी ही गाडी नाही." मग त्यांनी मला डीपीएफ समजावून सांगितलं.

डिझेल जळतं तेव्हा काजळी होते. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत एक जाळी असते, मधाच्या पोळ्यासारख्या बारीक घरांची. ती काजळी धरून ठेवते. काजळी साचली की ती जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी जाळी सहाशे अंशांपर्यंत तापायला लागते. हायवेवर पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात गाडी गेली की ते काम आपोआप होतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिनच नीट गरम होत नाही, मग जाळी कुठून होणार? काजळी साचत जाते आणि दिवा लागतो. अर्धवट जळण्याच्या नादात डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. शेवटी जाळी तुंबते आणि बदलायची वेळ आली तर लाखांत खर्च. त्यातून बऱ्याच बीएस-6 डिझेल गाड्यांना युरियाचं शुद्ध पाणी वेगळं घालावं लागतं. ते संपू दिलं तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही.

ऐकता ऐकता मला एकदम जाणवलं की अरे, हे तर गाळणं आहे! आपल्या घरात गाळल्याशिवाय पाणी ओठाला लागत नाही. कापड जाड हवं, दुहेरी हवं, आणि गाळून झाल्यावर जिवाणी परत त्याच पाण्यात सोडायची. माझ्या सासूबाई आजही प्रवासात गाळणं बरोबर ठेवतात. ही जाळी म्हणजे गाडीचं गाळणं. फरक एकच. पाण्याचं गाळणं सूक्ष्म जीव वाचवतं आणि आपल्यालाही शुद्ध पाणी देतं. गाडीचं गाळणं गाडीत बसलेल्याला काहीच देत नाही. ते मागून चालणाऱ्यासाठी असतं, सायकलवरच्या पोरासाठी, रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेल्या बाईसाठी. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलं आहे.

मी यांना हे सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या एका गॅरेजवाल्याला विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं. "काही टेन्शन घेऊ नका शेठ. दिवा लागला की जाळी काढून टाकू, कॉम्प्युटरमध्ये तेवढं बदलून देतो. गाडी उलट जास्त पळेल. सगळेच करतात." खर्च फार नाही आणि कटकट कायमची मिटली.

कंपनीने दिलेली गाडी अशी बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, हा एक भाग. पण समजा कायदा नसता. तरी पैसे वाचवायला गाळणं फाडून फेकायचं आणि न गाळलेला धूर गावाच्या तोंडावर सोडायचा, हे आपल्या घरात चालेल का? मी यांना एवढंच विचारलं. हे काही बोलले नाहीत, पण "सगळेच करतात" हे पुन्हा म्हणाले नाहीत.

माझं मत मी इथेच सांगून टाकते. मोठी डिझेल गाडी घ्यावी की नाही, याची कसोटी तिची किंमत नाही. तिचं गाळणं सांभाळण्याची ऐपत आणि तसं आपलं फिरणं, दोन्ही आहे का, ही कसोटी. नसेल तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो.

आता मेकॅनिक भाऊंनी एक वाट सांगितली होती, तीही प्रामाणिकपणे लिहिते. आठवड्यातून एकदा गाडी न थांबता अकोल्याला नेऊन आणली तर जाळी साफ राहील. आमचा मुलगा लगेच म्हणाला, "मग झालं! मी नेईन." ज्या आठवड्यात अकोल्याला काम आहे त्या आठवड्यात ठीक. पण पावसाळ्यात, चातुर्मासात आमचं जाणं कमी होतं. तेव्हा काय करायचं? जाळी जळावी म्हणून रिकामी गाडी पन्नास किलोमीटर पळवून आणायची? याला आपल्याकडे शब्द आहे, अनर्थदंड. ज्यातून कोणाचं काहीच काम होत नाही अशी हिंसा. श्रावकाच्या तीन गुणव्रतांत तिचा त्याग सांगितला आहे. गाडी माणसाच्या कामासाठी असते. गाडीच्या कामासाठी माणसाने फिरायचं, हे मला पटेना.

आणखी एक गोष्ट सुचली. माताजींचा विहार असतो तेव्हा आपण पहाटे हायवेच्या कडेने त्यांच्याबरोबर चालतो आणि मागे चौक्याचं सामान घेऊन एक गाडी हळूहळू येते, तासन्‌तास, माणसाच्या चालीने. त्या जाळीला याच्याइतकं वाईट काही नाही. म्हणजे जिथे गाडी खरोखर धर्माच्या कामी येते, तिथेच हिला न्यायचं नाही!

यांचेही मुद्दे होते आणि ते पोकळ नव्हते. पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. "हायवेवर रात्री ट्रक कसे येतात पाहिलं ना? जड गाडीत माणूस वाचतो." खरं आहे. अमरावती-अकोला मार्गावर 2022 च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण एकशे पाच तासांत करून गिनीज विक्रम झाला, तेव्हापासून रस्ता चांगला आणि वेग वाढलेला. समृद्धीवर तर 120 ची मुभा. पण सुरक्षितता आता फक्त परदेशी गाड्यांची राहिलेली नाही. टाटांच्या नेक्सॉनला 2018 मध्येच ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, आणि 2023 पासून भारताची स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. सव्वीस लाखांच्या निम्म्या पैशांत पाच ताऱ्यांची, सहा एअरबॅगची गाडी मिळते. सासूबाईंचा गुडघा हा माझा वेगळा मुद्दा होता. त्या उंच गाडीत चढताना त्यांना दोघांनी धरावं लागलं होतं.

दुसरा मुद्दा असा की जुनी वस्तू घेणं हा तर काटकसरीचा मार्ग, नवी बनवायला लागत नाही. हेही खरं, आणि म्हणूनच मी जुन्या गाडीच्या विरोधात नाही.

तिसरा मुद्दा यांनी तोंडाने सांगितला नाही, पण तो घरात सगळ्यांना दिसत होता. मान. आपल्या महाराष्ट्रात मोठी गाडी म्हणजे गावाची पत, असं झालं आहे. आठवतं ना, 2010 च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, पासष्ट कोटींच्या, बहुतेक पैसा बँकेच्या कर्जाचा. देशभर बातमी झाली. त्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या, म्हणजे नोंदणीची मुदत संपण्याच्या वयाच्या. ज्यांच्या दारात आज त्या असतील त्यांची बातमी कोणी छापत नाही.

मधेच पुण्याच्या भाऊजींनी आणखी एक सुचवलं. दिल्लीची गाडी आणू, 2016 ची, पंधरा लाखांत. दिल्लीच्या गाड्या स्वस्त का, तर तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश होता, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो कायम ठेवला. 2025 च्या जुलैत अशा गाड्यांना पंपावर इंधन बंद केलं, ते आठवडाभरात पुढे ढकलावं लागलं, मग कोर्टाने सवलतही दिली. पण त्या धास्तीने तिथले लोक गाड्या काढून टाकतात आणि त्या आपल्याकडे येतात. आणल्यावर तिकडचा ना-हरकत दाखला, इथला रोड टॅक्स नव्याने, नवा नंबर. स्वस्ताई त्यातच निम्मी विरघळते. आणि जो धूर दिल्लीला नको झाला तो बाळापूरला का चालावा, हे मला कोणी सांगू शकलं नाही.

आता शेवटचं, आणि मला सर्वांत जड गेलेलं. सव्वीसपैकी बारा लाख मोडायचे होते ते मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीतून. उरलेल्या चौदाचं कर्ज पाच वर्षांचं, महिन्याला तीस हजारांचा हप्ता. एका रात्री मी यांना म्हटलं, "मुलीला तुम्ही सांगा, मी नाही सांगणार." हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी दुकानात उभा आहे. कापड फाडून फाडून हाताला घट्टे पडले. एकदा वाटलं, आपणही अशा गाडीत बसावं. एवढंच."

मैत्रिणींनो, याला माझ्या वहीत उत्तर नव्हतं. आपण किती सहज म्हणतो, पुरुषांना गाड्यांचं वेड असतं. मला त्या रात्री ते वेड वाटलं नाही. साध्या माणसाची एक इच्छा होती आणि ती मी मोडत होते. आपल्याकडे बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार मोजले आहेत, त्यात शेत, घर, धन यांच्याबरोबर 'यान' वेगळं मोजलं आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात रोजच्या मर्यादा सांगताना वाहनाचं नाव घेतलं आहे, आणि श्वेतांबर बहिणींच्या चौदा नियमांतही वाहन आहेच. म्हणजे बैलगाडी आणि पालखीच्या काळातही वाहनाचा मोह ओळखून ठेवला होता. पण मर्यादा स्वतः घालायची असते, दुसऱ्याच्या इच्छेवर आपण ती लादली तर ते व्रत होत नाही. म्हणून मी "घेऊ नका" म्हटलं नाही. वही त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "तुम्ही वाचा आणि ठरवा. घेतली तर मी कुरकुर करणार नाही. फक्त जाळी काढायची नाही."

चार दिवसांनी त्यांनी नागपूरला फोन करून सौदा मोडला. टोकनचे एकवीस हजार परत मिळाले नाहीत. आता एक तीन वर्षांची पेट्रोल गाडी बघतो आहोत, पाच ताऱ्यांची, सासूबाईंना स्वतः चढता येईल अशी. मुलीची ठेव तशीच आहे. हे अजून थोडे नाराज आहेत, ते मी लपवत नाही. शिरपूरला जाताना एकदा तशी मोठी गाडी भाड्याने करू, असं मी सुचवलं, तर "राहू दे आता" म्हणाले. मी पुन्हा विचारणार आहे.

तुमच्या घरी हा विषय निघाला तर टोकन देण्याआधी एवढं विचारून घ्या:

वर्षाला किती किलोमीटर, आणि एका वेळी किती? हे अंदाजाने नाही, वहीतून.

डीपीएफ जागेवर आहे का? कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासून लेखी घ्या. आधीच्या मालकाने काढली असेल तर त्याच्या कर्माचा वाटा आपण पैसे देऊन विकत घेतो.

सर्व्हिसचे सगळे कागद आहेत का, आणि त्यातले किलोमीटर मीटरशी जुळतात का?

विमा, टायर आणि एका वर्षाच्या सर्व्हिसचा आकडा आधी काढला का?

गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35, आणि नाव बदलायचे 29 व 30, हे व्यवहाराच्या दिवशीच. आपली जुनी गाडी विकतानाही हेच. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि शेवटचं, पैसा कोणत्या ठेवीतून येतो आहे, आणि ज्याच्यासाठी ती ठेवली त्याला कोणी विचारलं आहे का?

माझ्या वहीत गाडीच्या पानावर आता एक ओळ आहे, "टोकन, 21,000." सासूबाईंनी ती वाचली आणि विचारलं, "हे कोणत्या खात्यात टाकलं?" मी म्हटलं, "दुरुस्ती." त्या हसल्या आणि पाणी गाळायला उठल्या.

जय जिनेंद्र.